अ‍ॅडमिन पॅनेलमधलं सीएसआरएफ: स्वतः कसं शोधायचं आणि कसं बंद करायचं

डेटाबेसचं पॅनेल, होस्टिंगचं पॅनेल, घरच्या राउटरचं सेटिंगचं पान, वर्डप्रेसचा डॅशबोर्ड, नाहीतर एखाद्या पतसंस्थेला किंवा शाळेला आपणच पीएचपीत बनवून दिलेलं अ‍ॅडमिन, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते, सकाळी एकदा लॉगिन केलं की तो टॅब दिवसभर उघडाच राहतो. आणि त्याच ब्राउझरमध्ये बाजूला मेल चालू असतो, बातम्या चालू असतात, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली लिंक उघडली जाते. सीएसआरएफ म्हणजे क्रॉस साइट रिक्वेस्ट फोर्जरी, आणि ती याच सवयीच्या जिवावर चालते.

आधी ते होतं कसं ते नीट समजून घ्या, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचे सगळे उपाय अर्धवट लागतात. ब्राउझरकडे ज्या साइटची कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, आहे त्या साइटला रिक्वेस्ट गेली की कुकी आपोआप सोबत जाते, ती रिक्वेस्ट कुठल्या पानावरून सुटली याचा विचार ब्राउझर वर्षानुवर्षं करतच नव्हता. म्हणजे हल्ला करणाऱ्याने स्वतःच्या पानावर एक इमेज टॅग टाकला आणि त्याच्या पत्त्याच्या जागी तुमच्या पॅनेलच्या डिलीटच्या कृतीचा पत्ता लिहिला, तर तुम्ही ते पान उघडल्यावर तुमचाच ब्राउझर तुमच्याच कुकीसकट ती रिक्वेस्ट पाठवतो. शिपायाने चिठ्ठीवरचा साहेबांचा शिक्का बघितला आणि चिठ्ठी कुणी लिहिली ते विचारलंच नाही, तसं सर्व्हरचं होतं. हल्ला करणाऱ्याला तुमचा पासवर्ड कळत नाही, कुकी दिसत नाही, सर्व्हरचं उत्तरही वाचता येत नाही, पण त्याला ते वाचायचंच नसतं, टेबल उडालं की त्याचं काम झालं.

हे पुस्तकी नाहीये. पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेसचं पॅनेल आपल्याकडे जवळपास प्रत्येक शेअर्ड होस्टिंगवर असतं, त्याच्या ४.७ मालिकेत ४.७.७ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये हेच भोक होतं, डिसेंबर २०१७ मध्ये ते बंद झालं आणि शोधणारा एक भारतीय सिक्युरिटी रिसर्चर होता. लॉगिन असलेल्या माणसाने हल्ला करणाऱ्याने तयार केलेल्या लिंकवर क्लिक केलं की रेकॉर्ड डिलीट, टेबल ड्रॉप, टेबल रिकामं, काहीही करता येत होतं. मग २०१९ मध्ये त्याच सॉफ्टवेअरच्या ४.९.०.१ मध्ये सेटअपच्या पानावर परत तोच प्रकार सापडला, साध्या इमेज टॅगने सेटअपमधली सर्व्हरची नोंद काढून टाकता येत होती. इतकं जुनं, इतक्या डोळ्यांखालून गेलेलं सॉफ्टवेअर, तिथेही एखादी कृती संरक्षणाच्या बाहेर राहून जाते, हे लक्षात ठेवा.

राउटरचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २००८ मध्ये मेक्सिकोत लोकांना ई-ग्रीटिंगच्या नावाने मेल आले, आत इमेज टॅग, आणि त्या टॅगने टूवायर कंपनीच्या राउटरमधल्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, फेरफार केला, पुढे तिथल्या एका मोठ्या बँकेचा पत्ता टाकला की माणूस नकली साइटवर. राउटरचं पान तर बाहेरून कुणाला दिसतही नव्हतं. पण ब्राउझर घरातच बसलेला असतो ना, रिक्वेस्ट आतूनच निघते. म्हणून "आमचं पॅनेल इंटरनेटवर नाहीये, फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे" हे सीएसआरएफच्या बाबतीत उत्तरच नाही. व्हीपीएन, आयपीची बंधनं, यांचंही तसंच, बाकी हल्ल्यांसाठी ती हवीतच, पण इथे रिक्वेस्ट परवानगी असलेल्या माणसाच्याच मशीनवरून येते. क्रोम आता बाहेरच्या साइटने लोकल नेटवर्कला हात लावायच्या आधी परवानगी विचारायला लागलंय, चांगलंच आहे, पण तुमच्या पॅनेलची सुरक्षा समोरचा कुठला बटण दाबेल यावर सोडू नका.

ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या टॉप टेन धोक्यांच्या यादीतून २०१७ मध्ये सीएसआरएफ वेगळा मुद्दा म्हणून काढला, कारण फ्रेमवर्कमध्ये संरक्षण आयतं यायला लागलं होतं, आणि तेव्हापासून बरेच जण हा विषय संपला असं धरून चालतात. पण सॉफ्टवेअरमधल्या सगळ्यात धोकादायक कमजोऱ्यांच्या सीडब्ल्यूई टॉप २५ च्या २०२४ च्या यादीत हा चौथ्या नंबरवर आहे. वर्डप्रेसच्या छोट्या छोट्या प्लगिनमध्ये हे सतत सापडत असतं, आणि हाताने लिहिलेल्या अ‍ॅडमिन पॅनेलची तर कुठे नोंदही होत नाही.

तपासायला सुरुवात

पहिली अट, फक्त स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या पॅनेलवरच तपासा. दुसऱ्याच्या सिस्टीमवर परवानगीशिवाय असं केलं तर आयटी कायदा २००० चं कलम ४३ आणि ६६ लागू शकतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, हेतू चांगला होता हे नंतर सांगत बसावं लागेल. आणि स्वतःच्याही लाइव्ह साइटवर नको, स्टेजिंग कॉपी, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी प्रत, घ्या, तुम्ही डिलीटची बटणं दाबणार आहात.

आता पॅनेल उघडून ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सचा नेटवर्क टॅब लावा, त्यात लॉग जपून ठेवायचा पर्याय चालू करा म्हणजे पान बदललं तरी रिक्वेस्ट पुसल्या जाणार नाहीत, आणि मग पॅनेलमधली काहीतरी बदलणारी प्रत्येक कृती एकदा करा. युजर अ‍ॅड, युजर डिलीट, पासवर्ड बदल, ईमेल बदल, फाइल अपलोड, बॅकअप, सेटिंग सेव्ह, प्लगिन चालू-बंद, अगदी लॉगआउट आणि लॉगिनसुद्धा. प्रत्येकीसाठी एका शीटमध्ये लिहा, पत्ता काय, गेट (किमती पत्त्यातच जातात) की पोस्ट (किमती रिक्वेस्टच्या आत जातात), आत टोकन दिसतंय का, म्हणजे फॉर्म आपल्याच पानावरून आला हे ओळखायला सर्व्हरने त्यात टाकलेली गुप्त किंमत, आणि कंटेंट टाइप, म्हणजे पाठवलेला डेटा कुठल्या प्रकारचा, तो काय. कंटाळवाणं काम आहे पण हेच खरं काम आहे, कारण भोक नेहमी विसरलेल्या कृतीत असतं, मुख्य फॉर्मला टोकन सगळेच लावतात आणि कोपऱ्यातलं "कॅशे साफ करा" किंवा "एक्स्पोर्ट" तसंच राहतं.

शीट तयार झाली की आधी गेटवाल्या ओळी बघा. गेटने काहीही बदलत असेल, डिलीट, स्टेटस, अ‍ॅप्रूव्ह, तर तिथेच थांबून ते भोक म्हणून नोंदवा, पुढे तपासायची गरजच नाही. आपल्याकडच्या हाताने लिहिलेल्या पीएचपी पॅनेलमध्ये मला हेच सगळ्यात जास्त दिसलंय, यादीत प्रत्येक ओळीपुढे लाल डिलीटची लिंक, लिंकमध्ये आयडी. आणि विचारलं की सांगतात "आधी खात्रीचा पॉपअप येतो की". तो पॉपअप तुमच्या पानावरच्या जावास्क्रिप्टचा आहे, हल्ला करणारा तुमच्या पानावरून येतच नाही, तो थेट पत्त्यावर जातो.

मग पोस्टवाल्या. नेटवर्क टॅबमधून ती रिक्वेस्ट कर्ल (टर्मिनलमधून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) कमांड म्हणून कॉपी करा, टर्मिनलमध्ये चिकटवा, आणि एकेक बदल करून चालवा. आधी टोकनची फील्डच काढून टाका. मग फील्ड ठेवून किंमत रिकामी ठेवा. मग तितक्याच लांबीचं काहीतरी खोटं भरा. मग दुसऱ्या युजरने लॉगिन करून मिळालेलं टोकन इथे टाका. या चारही वेळा सर्व्हरने नकार द्यायला हवा. फील्डच काढून टाकायची चाचणी अजिबात चुकवू नका, कारण खूप ठिकाणी कोड असा असतो की "टोकन आलं असेल आणि जुळत नसेल तर थांबव", म्हणजे टोकन आलंच नाही तर बिनधास्त पुढे. आणि दुसऱ्याचं टोकन चाललं तर हल्ला करणारा स्वतःच्या साध्या अकाउंटचं टोकन वापरून अ‍ॅडमिनकडून काम करून घेऊ शकतो.

एवढ्यावर थांबू नका, तीच पोस्ट गेट करून बघा, सगळ्या किमती पत्त्यात टाकून. पीएचपीमध्ये पोस्टऐवजी रिक्वेस्ट अ‍ॅरेतून किमती घेतल्या असतील तर गेटनेही काम होतं, आणि कधी कधी टोकनची तपासणी फक्त पोस्टला लावलेली असते, म्हणजे गेटने आत जायला दार मोकळं. जेसन घेणाऱ्या एपीआयसाठी कंटेंट टाइप बदलून साधं टेक्स्ट करा आणि बॉडीत तोच जेसन पाठवा. साधा एचटीएमएल फॉर्म जेसन कंटेंट टाइप पाठवू शकत नाही, पण टेक्स्ट प्लेन पाठवू शकतो, आणि सर्व्हर कंटेंट टाइप न बघता बॉडी वाचत असेल तर "आमचं सगळं जेसन आहे, आम्हाला सीएसआरएफ लागत नाही" हे म्हणणं तिथेच पडलं.

कर्लने सर्व्हर काय स्वीकारतो ते कळतं, ब्राउझर कुकी पाठवतो का ते कळत नाही, त्यासाठी खरा ब्राउझर लागतो. एक साधी एचटीएमएल फाइल करा, त्यात एक फॉर्म, कृतीचा पत्ता तुमच्या पॅनेलचा, लपवलेल्या फील्डमध्ये किमती, एक सबमिटचं बटण. इथे एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पॅनेल लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टवर आणि चाचणीचं पान लोकलहोस्टच्या ३००० पोर्टवर ठेवलं तर ब्राउझरच्या हिशोबाने ती एकच साइट आहे, साइट ठरवताना पोर्ट धरत नाहीत, त्यामुळे सेमसाइटची, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टला कुकी पाठवायची की नाही हे ठरवणाऱ्या कुकीवरच्या सेटिंगची, चाचणी होतच नाही आणि निकाल खोटा येतो. पॅनेल लोकलहोस्टवर ठेवा आणि चाचणीचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावरून उघडा, मग त्या वेगळ्या साइट होतात. बटण दाबल्यावर स्क्रीनवर काय आलं त्यावर विश्वास ठेवू नका, थेट डेटाबेसमध्ये बघा बदल झाला का.

आणखी एक, क्रोममध्ये ही चाचणी लॉगिन केल्या केल्या एकदा करा आणि दोन मिनिटांहून जास्त वेळ थांबून परत करा. कारण खाली सांगतो.

बंद कसं करायचं

फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० पासून, ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलं नाही तिला लॅक्स धरायला सुरुवात झाली, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टला किंवा इमेजला ती कुकी जात नाही. मोठी सुधारणा आहे ही. पण जी कुकी दोन मिनिटांहून ताजी आहे आणि जिच्यावर सेमसाइट काही लिहिलेलंच नाही, ती पूर्ण पान बदलणाऱ्या पोस्टला क्रोम तरीही पाठवतो, म्हणून ते दोनदा तपासायचं. फायरफॉक्स आणि सफारीने हा डीफॉल्ट क्रोमसारखा लावलेला नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लॅक्समध्ये लिंकवर क्लिक करून होणाऱ्या गेटला कुकी जातेच, म्हणजे गेटने डिलीट होणारं पॅनेल लॅक्स लावूनही उघडंच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बदल करणारी प्रत्येक कृती पोस्टवर न्या, डिलीटच्या लिंकचं छोटं फॉर्म-बटण करा, दिसायला सीएसएसने तसंच ठेवता येतं. मग टोकन. पीएचपीत रँडम बाइट्स फंक्शनने ३२ बाइट घ्या, हेक्स करा, सेशनमध्ये ठेवा, प्रत्येक फॉर्ममध्ये लपवलेल्या फील्डमध्ये टाका आणि परत आल्यावर हॅश इक्वल्स फंक्शनने ताडून बघा. वेळेवरून एमडीफाइव्ह करून टोकन बनवू नका, वेळ अंदाजाने काढता येते. टोकन पत्त्यात टाकू नका, ते लॉगमध्ये आणि हिस्ट्रीत राहतं. एका सेशनला एक टोकन पुरतं, प्रत्येक रिक्वेस्टला नवीन टोकनचा हट्ट धरला की दोन टॅब उघडे ठेवणाऱ्या क्लार्कचं काम अडतं, मग तो फोन करतो, मग कुणीतरी वैतागून तपासणीच बंद करून टाकतं, आणि हे खरंच होतं.

तपासणी एकाच ठिकाणी लावा, यावर मी जोर देईन. प्रत्येक फाइलमध्ये वेगळी ओळ लिहिली तर सहा महिन्यांनी आलेला नवीन मुलगा नवीन फाइलमध्ये ती लिहायला विसरणार, त्यात त्याचा दोष नाही. सगळ्या फाइली जी कॉमन फाइल इन्क्लूड करतात तिच्यात सेशन सुरू झाल्यावर लगेच, रिक्वेस्ट पोस्ट असेल तर टोकन हवंच, नसेल तर ४०३, म्हणजे परवानगी नाही, असं उत्तर देऊन थांब. नवीन पान आपोआप सुरक्षित व्हायला हवं, उघडं ठेवायचं असेल तर त्यासाठी मुद्दाम काहीतरी करावं लागेल अशी रचना हवी. लॅरॅव्हल, जँगो, रेल्स, स्प्रिंग सिक्युरिटी यांत हे आयतं मिळतं, तिथे उलटं काम करा, कोडमध्ये सीएसआरएफ शब्द सर्च करा आणि कुठे कुठे सूट दिलीय, एक्झेम्प्ट, एक्सेप्ट, डिसेबल, ते शोधा. अशा प्रत्येक सवलतीचं कारण विचारा. पेमेंट गेटवेच्या वेबहुकला, म्हणजे गेटवेच्या सर्व्हरकडून थेट येणाऱ्या रिक्वेस्टला, सूट समजू शकते कारण तिथे सहीची वेगळी तपासणी असते, पण "पोस्टमनमधून चालत नव्हतं म्हणून बंद केलं" हे कारण नाही.

एजॅक्ससाठी, म्हणजे पान न बदलता स्क्रिप्टने जाणाऱ्या रिक्वेस्टसाठी, टोकन मेटा टॅगमध्ये ठेवा आणि वेगळ्या हेडरमधून पाठवा. दुसऱ्या साइटला असा हेडर लावायचा तर ब्राउझर आधी सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हरने हो म्हटलं तरच पुढे जातो. इथे सीओआरएसची, म्हणजे कुठल्या दुसऱ्या साइटला तुमचं उत्तर वाचू द्यायचं याची, सेटिंग बघा, येईल तो ओरिजिन (रिक्वेस्ट सुटलेल्या साइटचा पत्ता) तसाच परत पाठवून क्रेडेन्शियलला, म्हणजे कुकीला, परवानगी दिलेली असेल तर सगळं मुसळ केरात, कारण मग दुसरी साइट तुमचं पान वाचून टोकनच उचलू शकते. तसंच पॅनेलमध्ये कुठेही एक्सएसएस असेल, म्हणजे बाहेरच्या माणसाला तुमच्या पानात स्वतःची स्क्रिप्ट घुसवता येत असेल, तर टोकनचा उपयोग संपला, ते आधी बुजवा.

मग कुकीवर सेमसाइट स्वतःच्या हाताने लिहा, पीएचपी ७.३ पासून सेशन कुकीच्या सेटिंगमध्ये तो पर्याय आहे. अ‍ॅडमिनसाठी मी स्ट्रिक्ट लावायला सांगेन, त्यात दुसऱ्या साइटवरून आलेल्या कुठल्याच रिक्वेस्टला कुकी जात नाही, मेलमधल्या लिंकवरून आल्यावर एकदा लॉगआउट झाल्यासारखं दिसतं, तेवढी गैरसोय अ‍ॅडमिनला चालते. २०२० नंतर एक वाईट सवय पसरली, पेमेंट गेटवे ग्राहकाला पोस्टने परत पाठवतो आणि लॅक्समुळे सेशन सापडत नाही, म्हणून लोकांनी सगळ्याच कुकींवर नन, म्हणजे कुठूनही आलं तरी कुकी पाठव, लिहून टाकलं, अ‍ॅडमिनच्यासुद्धा. ग्राहकाचं सेशन आणि अ‍ॅडमिनचं सेशन वेगळ्या नावाच्या, वेगळ्या कुकीत ठेवा, मग पहिल्याला काय लागेल ते द्या आणि दुसऱ्याला हात लावू नका. सबडोमेन सेमसाइटच धरली जातात हेही लक्षात असू द्या, ब्लॉगच्या सबडोमेनवरचं जुनं वर्डप्रेस हॅक झालं तर तिथून अ‍ॅडमिनच्या सबडोमेनवर स्ट्रिक्ट कुकीही जाते. आणि पॅनेल बेसिक ऑथवर चालत असेल, जसे बरेच जुने राउटर चालतात, तर तिथे कुकीच नाही, ब्राउझर पासवर्ड आपोआप पाठवतो, सेमसाइटचा काही संबंध येत नाही.

वरून अजून एक थर, सर्व्हरवर ओरिजिन किंवा सेक-फेच-साइट हेडर तपासा, पहिला रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून सुटली ते सांगतो, दुसरा ती त्याच साइटची की बाहेरची ते. दुसरा हेडर ब्राउझर स्वतः लावतो, पानावरच्या स्क्रिप्टला तो बदलता येत नाही, क्रोम आणि फायरफॉक्सनंतर २०२३ मध्ये सफारीतही आला, आणि गो भाषेच्या १.२५ व्हर्जनमध्ये याच्यावर आधारित संरक्षण स्टँडर्ड लायब्ररीतच दिलंय. ओरिजिन ताडताना पूर्ण नाव जुळवा, "आपलं डोमेन यात कुठेतरी आहे का" असं बघितलं तर तुमच्या डोमेनपुढे स्वतःचं डोमेन जोडून कुणीही पास होईल.

पासवर्ड बदल, ईमेल बदल, नवीन अ‍ॅडमिन, अशा कृतींना सध्याचा पासवर्ड परत विचारा. टोकनमध्ये काही राहून गेलं तरी इथे अडतं.

वर्डप्रेसचं प्लगिन लिहिणाऱ्यांसाठी, फॉर्ममध्ये नॉन्स (वर्डप्रेसचं सीएसआरएफ टोकन) टाकला पण घेणाऱ्या फंक्शनमध्ये तपासलाच नाही, हा प्रकार फार दिसतो. तपासलात तरी नॉन्स परवानगी तपासत नाही, तो फक्त रिक्वेस्ट याच युजरच्या पानावरून आली एवढंच सांगतो आणि २४ तासांपर्यंत चालतो, युजरला ते काम करायचा हक्क आहे का यासाठी करंट युजर कॅन हे फंक्शन वेगळं लागतं, दोन्ही हवेत. आणि इज अ‍ॅडमिन या फंक्शनवर विसंबू नका, ते समोरचा अ‍ॅडमिन आहे का ते सांगत नाही, पान अ‍ॅडमिन भागातलं आहे का एवढंच सांगतं.

कोड तुमच्या हातात नाही, तुम्ही फक्त पॅनेल वापरता, तरी बरंच करता येतं. अपडेट लावा हे आलंच. पॅनेलसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवा आणि त्यात दुसरं काहीही उघडू नका, ही एक सवय यातले बहुतेक हल्ले थांबवते कारण दुसऱ्या प्रोफाइलला ती कुकी दिसतच नाही. काम झालं की टॅब बंद करण्याऐवजी लॉगआउट करा. राउटरचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला, नाहीतर हल्ला करणारा आधी तुमच्याच ब्राउझरमधून लॉगिनही करवून घेऊ शकतो.

सगळं लावून झालं की ती शीट परत काढा आणि टोकनशिवाय प्रत्येक रिक्वेस्ट पाठवून ४०३ येतो का बघणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवा, दर रिलीजला चालवा. तपासताना दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं तर ते गिटहबवर उघड इश्यू म्हणून टाकू नका, त्यांच्या सिक्युरिटीच्या पत्त्यावर खासगीत कळवा, उत्तरच येत नसेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे कळवता येतं. आणि तुमच्याच पॅनेलवर कुणी हे वापरून आत काही केल्याचं दिसलं तर सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवायचं असतं, लॉगही १८० दिवस ठेवायचे असतात, तेव्हा होस्टिंगवाल्याला आजच विचारून घ्या की तो लॉग किती दिवस ठेवतो आणि त्यात रेफरर, म्हणजे रिक्वेस्ट कुठल्या पानावरून आली तो पत्ता, लिहितो का, कारण रिक्वेस्ट बाहेरच्या पानावरून आली होती हे नंतर बहुतेक वेळा तिथूनच कळतं.